वाटेत अडकलेली प्रथिने

दाढ काढल्यावर दुसऱ्या दिवशीही रक्त थांबत नाही, किंवा वयात आलेल्या मुलीची पाळी दहा-दहा दिवस लांबते. महाड-पोलादपूरकडे अशा वेळी ‘उष्णता वाढली’ म्हणून कोकमाचे सरबत पुढे केले जाते. सरबताने अपाय काहीच नाही. रक्त गोठण्याची तपासणी मात्र राहून जाते.

या तपासणीत पीटी आणि एपीटीटी हे दोन्ही काळ वाढलेले आढळले, तर प्रथम यकृताचा विकार किंवा ‘के’ जीवनसत्त्वाची उणीव पाहिली जाते. एक विरळ आनुवंशिक कारणही असते. त्यात रक्त गोठवणारे पाचवा व आठवा हे दोन्ही घटक एकदमच कमी भरतात. बहुधा सामान्य प्रमाणाच्या पाच ते तीस टक्के. १९५४ साली हा विकार नोंदला गेला, तेव्हा संशोधक कोड्यात पडले. दोन्ही घटकांची जनुके निरनिराळ्या गुणसूत्रांवर असताना दोन्ही एकाच वेळी कसे घटावेत?

ती जनुके निर्दोषच होती. ही प्रथिने पेशीतील आंतर्द्रव्यजालिकेत घडतात, तेथून गॉल्गी संकुलात जातात आणि मग रक्तात उतरतात. पहिल्या टप्प्यावर या दोघांना वाहून नेणारी प्रथिनांची एक जोडी असते. तिची जनुके १९९८ व २००३ मध्ये सापडली. जोडीतील एकही सदोष असले, तर तयार माल आतच अडकतो. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाट बंद पडला, तेव्हा घाटमाथ्यावरचा माल पोलादपुरात उतरेना, तसेच हे. परळच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीतील संशोधकांनी २००५ मध्ये भारतीय कुटुंबांतही हे जनुकदोष दाखवून दिले.

हिमोफिलिया मुख्यत्वे मुलग्यांना होतो. हा विकार मुलींनाही तितकाच होतो. आईवडील दोघेही वाहक, पण स्वतः निरोगी असतात. प्रत्येक अपत्याला धोका चारात एक. आते-मामे भावंडांच्या विवाहात असे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. लग्नापूर्वी पत्रिका पाहणाऱ्या घरांनी रक्तस्रावाचा कौटुंबिक इतिहासही विचारावा, असे मला वाटते.

आठव्या घटकाचे इंजेक्शन मिळते. पाचव्याचे स्वतंत्र इंजेक्शन सहसा मिळत नाही, म्हणून गोठवून साठवलेला ताजा प्लाझ्मा द्यावा लागतो. तेव्हा निदान झालेल्यांनी प्रसूती, शस्त्रक्रिया, दात काढणे हे सारे रक्तपेढीची सोय असलेल्या रुग्णालयात, आधी कल्पना देऊनच करावे. अंगदुखीवर ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नये, आणि दंडात किंवा कमरेत सुई टोचून घेण्यापूर्वी डॉक्टरांना विकार सांगावा.