काठी आत्ता पडते, आवाज नंतर येतो. मिडीमधला उशीर नेमका कुठे होतो?

ऑक्टापॅडवर काठी पडते, पण लॅपटॉपमधून ढोलाचा आवाज किंचित उशिरा येतो. ऐकणाऱ्याला नुसतं काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं, वाजवणाऱ्याचा मात्र ठेका मोडतो. मग संशय केबलवर जातो आणि नवी केबल, नवा कीबोर्ड असा खर्च सुरू होतो. पण दोष खरंच तिथे असतो का?

केबलमधून काय जातं?

मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही, सूचना जातात: कोणता स्वर, किती जोरात. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांना जोडता यावीत, म्हणून १९८३ मध्ये हे मानक आलं. त्याचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. म्हणजे एका स्वराची सूचना साधारण १ मिलिसेकंदात पोहोचते. तुलनेसाठी, तीन मीटरवरच्या स्पीकरचा आवाज कानापर्यंत यायलाच जवळपास ९ मिलिसेकंद लागतात.

मग उशीर कुठे होतो?

पहिली जागा म्हणजे गर्दी. सूचना एकामागोमाग जातात. दहा स्वर एकदम दाबले, तर सगळे पोहोचायला ७ ते १० मिलिसेकंद लागतात. एकाच केबलवर चार वाद्यं साखळीने जोडली, तर सगळ्यांच्या सूचना त्याच रांगेत येतात.

दुसरी आणि बहुतेक वेळा मोठी जागा म्हणजे लॅपटॉपमधला बफर. आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप त्याचा थोडा साठा करतो. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असताना १,०२४ चा बफर ठेवला, तर तिथेच २३ मिलिसेकंद जातात. १२८ वर हाच उशीर ३ मिलिसेकंदांपर्यंत येतो.

काय करता येईल?

- वाजवताना बफर १२८ किंवा २५६ ठेवा. आवाज तुटू लागला, तर एक पायरी वाढवा.
- विंडोजवर ऑडिओ इंटरफेससोबत आलेला एएसआयओ ड्रायव्हर निवडा.
- लांब साखळीऐवजी प्रत्येक वाद्याला वेगळा मिडी पोर्ट द्या.
- ब्लूटूथ हेडफोन टाळा. त्यांचा उशीर अनेकदा १०० मिलिसेकंदांच्या वर जातो.
- टेम्पोचं क्लॉक एकाच यंत्राकडून सगळ्यांना जाऊ द्या.

मिडी २.० आल्यावर प्रश्न सुटेल?

२०२० मध्ये आलेल्या मिडी २.० मध्ये सूचनेवर वेळेचा शिक्का मारण्याची सोय आहे. त्यामुळे मागेपुढे होणारे ठोके सावरता येतात, पण बफरचा उशीर तसाच राहतो. म्हणूनच जुना कीबोर्ड विकायला काढण्याआधी सेटिंगमधला बफरचा आकडा बघावा. तो बदलायला पैसे लागत नाहीत.