पेक्टोपाह

शीर्षक वाचून हसू नका. हा शब्द माझ्या नावावर जमा आहे आणि तो जन्मभर राहील, याची व्यवस्था माझ्या आईने करून ठेवली आहे.

२०१९ च्या जूनमध्ये आई-बाबा लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला टूरबरोबर रशियाला गेले. मी तेव्हा नववीत. टूर म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, बसमध्ये डोकी मोजायची आणि रात्री पनीर. सेंट पीटर्सबर्गला एक दिवस ‘फ्री’ होता. बाकीची मंडळी मॉलमध्ये गेली आणि हे दोघं म्हणाले, आम्ही आमचे फिरतो. फोनवर कळल्यावर मी सरळ सांगितलं, “बाबा, आईला घेऊन कुठे भरकटू नका, तिला इंग्लिश येत नाही!” आमच्या घरात इंग्लिश म्हणजे मी. कॉन्व्हेंटची फी त्याचसाठी भरली होती ना.

तर पहिली फजिती अशी, की तो सोमवार होता आणि हर्मिटाज म्युझियम सोमवारी बंद असतं. आईचं तोंड पडलं, पण बाबांना तिथेच लॉटरी लागली. म्युझियमसमोरच्या चौकात १८३४ सालचा अलेक्झांडर स्तंभ आहे. एकाच दगडातून काढलेला साडेपंचवीस मीटरचा ग्रॅनाइटचा खांब, वजन सुमारे सहाशे टन, आणि तो खाली कशालाही जोडलेला नाही! नुसता स्वतःच्या वजनावर उभा. बाबा बांधकाम खात्यातले, ते अर्धा तास त्याच्याभोवती फिरत होते. शेवटी बारा वाजता नेव्हा नदीपलीकडच्या किल्ल्यातून तोफ उडाली (रोज उडते), आई दचकली आणि म्हणाली, “अहो, आता खायचं बघा.”

इथून खरी गोष्ट सुरू होते. सगळ्या पाट्या रशियन. इंग्रजी बोलणारं माणूस शोधावं लागत होतं. आईने पर्समधली वही काढली. बाबा म्हणाले, “ही अक्षरं मी ओळखतो, हा तर पाय आर स्क्वेअरमधला पाय!” आणि खरंच, ती लिपी ग्रीकवरूनच आलेली. पाय म्हणजे प, फाय म्हणजे फ, गॅमा म्हणजे ग. राहिली ती इंग्रजीसारखी दिसणारी फसवी अक्षरं. पी दिसला की र म्हणायचा, एच म्हणजे न, सी म्हणजे स. आईने हे सगळं देवनागरीत लिहून काढलं. तासाभरात ती पाट्या लावून लावून वाचायला लागली. बाबांना मात्र दर वेळी पी दिसला की प च तोंडात यायचा.

त्यांनी मला एका पाटीचा फोटो पाठवला. मी लगेच उत्तर टाकलं, “हे पेक्टोपाह म्हणजे तिथली हॉटेलची चेन आहे का?” आईचं उत्तर आलं, “अगं, रेस्टोरान लिहिलंय.”

बाकी दिवस त्यांनी खाण्यात घालवला. बोल्शाया कोन्युशेन्नाया रस्त्यावर १९५८ पासूनचं एक दुकान आहे, तिथे पिश्की मिळतात. मेदूवड्याच्या आकाराचे गोड वडे, वर भुरभुरवलेली पिठीसाखर. दुपारी आईने त्या ‘पेक्टोपाह’मध्ये वहीतला शब्द वाचला, “बेझ म्यासा”, म्हणजे मांसाशिवाय. मग बोर्शच्या सूपवर बोट ठेवलं. वाढणाऱ्या बाईंनी दोन बोटं डोक्याला लावून शिंगं करून दाखवली आणि मान हलवली. गाय! मग बटाटा भरलेले व्हारेनिकी आले, छोट्या उकडलेल्या करंज्याच, सोबत घट्ट आंबट साय आणि वर... शेपू! तिकडे कशावरही शेपू घालतात. आपल्या मेसमध्ये शेपूच्या दिवशी ताटं परत जातात, ते आठवलं की मला अजून गंमत वाटते. रात्री दीडच्या सुमारास राजवाड्याजवळचा पूल जहाजांसाठी दुभागून वर उचलला जातो, तो बघायला दोघं थांबली. जूनमध्ये तिथे धड अंधार पडतच नाही. मेट्रो बंद झाली होती, म्हणून नेव्हस्की रस्त्याने चालत हॉटेलवर आली.

आता तुम्ही म्हणाल, हे प्रवासवर्णन इथे कशाला?

कारण फर्स्ट सेममध्ये माझ्या रूम पार्टनरने ट्युटोरियलला ‘डिटरमाइन’ असा उच्चार केला आणि मी हसले. वर्गातले आणखी चार जण हसले. त्यानंतर तिने वर्गात तोंड उघडलं नाही ते थेट सेकंड इयरपर्यंत. एम-थ्रीचे अख्खे इंटिग्रेशन मला रात्री दोन वाजता तिने शिकवले, मराठीतून, आणि मी सुटले. व्हायवाला मार्क मात्र मला जास्त! मी काय बोलले ते मलाही कळलं नव्हतं, पण अ‍ॅक्सेंट चांगला होता.

एआयसीटीईने २०२१ मध्ये मराठीसकट काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. खरं सांगायचं तर मला थर्मोडायनॅमिक्स मराठीतून नको, पुढे नोकरीत अडेल. इंग्रजी यायलाच हवं. पण व्हायवाला बसलेल्या सरांना आणि मॅडमना एवढीच विनंती, पोरगं अडखळलं तर “मराठीत सांग” म्हणा, निदान फर्स्ट इयरला. त्याला खांब का पडत नाही हे कळलंय की नाही, ते आधी बघा. स्पेलिंग नंतर बघू. आणि हॉस्टेलमधल्या आपल्या कॉन्व्हेंटवाल्यांनो, दुसऱ्याच्या उच्चाराला हसण्याआधी एकदा ती पाटी वाचून बघा. आपल्याला जी अक्षरं येतात असं वाटतं, तीच तिथे आपल्याला फसवतात. आईला फसवलं नाही, कारण तिने कुठलंच अक्षर गृहीत धरलं नव्हतं.

पार्टनरला मी अजून सॉरी म्हटलेलं नाही. दोन वर्षं एका खोलीत राहून ते जमलं नाही, हे लिहायलाही लाज वाटते. हा लेख टाइप करायला तिच्याच लॅपटॉपवर बसलेय, आणि ती मागून विचारतेय, “काय गं, काय लिहितेस एवढं?”