शोकेसमधलं रशियन रॉकेट

मैत्रिणींनो, भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव; त्यामुळे आम्हा लाखांदूरकरणींचा हात पिवळं काही दिसलं की चिंच-राखेकडेच जातो! पण शोकेसमध्ये उंच निमुळत्या शेपटावर झेपावणारं छोटं रॉकेट असेल तर थांबा. ती मॉस्कोच्या अंतराळविजेत्यांच्या स्मारकाची प्रतिकृती. मूळ स्मारक १९६४ चं, १०७ मीटर उंच, टायटॅनियमने मढवलेलं. घरातल्या प्रतिकृतीचा सोनेरी मुलामा मात्र नाजूक. एकदा घासून गेला की गेलाच. मऊ, कोरड्या फडक्याने पुसा. बुडाशी रुबलमधली किंमत उठवलेली दिसली तर तिलाही जपा. १९९१ साली सोव्हिएत संघ संपला, पण वस्तू त्याच काळातली असल्याची ही खूण राहिली. आणि दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याला? छे गं बाई, मुळीच नको!