खिशात घातले नाहीत, मग प्रश्न कशाला?

रायगड जिल्ह्यातल्या आमच्या गावात बॅरिस्टर अंतुले यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. ईदच्या दिवशी जेवणे झाली आणि म्हातारी माणसे अंगणात बसली, की विषय कधी ना कधी तिथे पोहोचतोच. 'आपला माणूस मुख्यमंत्री झाला होता, पण त्याला टिकू दिले नाही.' हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे की, त्यात तपासण्यासारखे काही असेल असे मला कधी वाटलेच नाही.

पुढे वकिलीच्या अभ्यासात 'अंतुले विरुद्ध नायक' हा खटला समोर आला. परीक्षेपुरता वाचायला घेतला आणि अस्वस्थ झालो. अंगणात ऐकलेली गोष्ट खोटी नव्हती, पण अर्धीच होती. उरलेली अर्धी आपल्या तरुण मुलामुलींनी समजून घ्यावी, म्हणून हे लिहीत आहे.

अब्दुल रहमान अंतुले जून १९८० मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. या पदावर बसलेले ते आजवरचे एकमेव मुस्लिम नेते. त्यांच्या कारकिर्दीत संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले. सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे १९८१ मध्ये झाले. निर्णयाला उशीर न लावणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. एखाद्या विधवेला दरमहा मिळणारे अनुदान ही काही छोटी गोष्ट नाही. त्यामुळे लोकांच्या मनात त्यांच्याविषयी जे प्रेम आहे, ते फुकटचे नाही.

आता दुसरी बाजू. त्या काळात सिमेंट बाजारात हवे तेवढे मिळत नव्हते. त्यावर सरकारचे नियंत्रण होते. परवाना मिळाला तर सिमेंट, नाहीतर काळाबाजार. घराची एक खोली वाढवायची तरी माणसाला अर्ज करून वाट पाहावी लागे. अशा दिवसांत अंतुले यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान नावाचा न्यास उभा केला. साहित्यिक आणि कलावंतांना मदत करणे, हा त्याचा जाहीर हेतू. या न्यासाला बांधकाम व्यावसायिकांकडून आणि साखर कारखान्यांकडून मोठमोठ्या देणग्या येऊ लागल्या. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि देशभर खळबळ उडाली. समाजवादी नेते प. बा. सामंत आणि इतर काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला. बिल्डरांना मिळालेले जादा सिमेंट आणि त्यांनी न्यासाला दिलेल्या देणग्या यांचा एकमेकांशी संबंध आहे, असे न्यायालयाने म्हटले. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले आणि त्यांच्या जागी बाबासाहेब भोसले आले.

या प्रकरणावर आपल्याकडे तीन उत्तरे हमखास मिळतात. तिन्ही उत्तरांचा नीट विचार करू.

पहिले उत्तर : त्यांनी पैसे स्वतःच्या खिशात घातले नाहीत, ते न्यासाच्या खात्यात गेले. ही गोष्ट मान्य करू. पण प्रश्न पैसे कुठे गेले एवढाच नाही, ते आले कशामुळे हाही आहे. देणगी देणारा बिल्डर अचानक साहित्यप्रेमी झाला होता का? मुख्यमंत्र्यांच्या हातात सिमेंट नसते, तर त्याने हा धनादेश लिहिला असता का? शिवाय बिल्डर ही रक्कम पदरची थोडीच सोसणार? ती तो खोली घेणाऱ्याकडूनच वसूल करणार. आणि ज्याच्याकडे देणगी द्यायला पैसे नव्हते, पण ज्याला सिमेंटची खरी गरज होती, तो माणूस रांगेत आणखी मागे ढकलला गेला. त्या माणसाचे नाव कुठल्याही निकालपत्रात येत नाही.

आपल्यासाठी तर हा प्रश्न नवा नाही. जकात गोळा करायला पाठवलेला एक माणूस परत आल्यावर म्हणाला होता की, एवढे तुमचे आणि एवढे मला भेट मिळालेले. त्यावर पैगंबरांनी लोकांसमोर उभे राहून विचारले की, हा आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता, तर या भेटी त्याच्याकडे चालत आल्या असत्या का? आपण हा प्रसंग जुम्म्याच्या बयानात ऐकतो, मान डोलावतो आणि मशिदीच्या पायऱ्या उतरताना विसरतो.

दुसरे उत्तर : सगळेच करतात, मग शिक्षा यांनाच का? पण तसे झालेले नाही. मुलीच्या एम.डी. परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना १९८६ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. 'आदर्श' इमारतीतील सदनिकांच्या प्रकरणात अशोक चव्हाण यांना २०१० मध्ये पायउतार व्हावे लागले. प्रश्न विचारले गेले ते खुर्चीला. खुर्चीत बसलेल्याचा धर्म वेगवेगळा होता.

तिसरे उत्तर : मुस्लिम होते म्हणून त्यांना घेरले. यात वेदना खरी आहे. निलंगेकर किंवा चव्हाण यांच्या राजीनाम्यानंतर कोणी त्यांच्या समाजाकडे बोट दाखवले नाही. आपल्यातला एखादा चुकला की मात्र सगळ्या कौमला कठड्यात उभे केले जाते. हा दुजाभाव आहे आणि तो आपण ठणकावून सांगितलाच पाहिजे. पण त्यावर उपाय म्हणून आपण आपल्या नेत्याला प्रश्नच विचारायचे नाहीत असे ठरवले, तर नुकसान आपलेच. कारण मग आपल्या वाट्याला तेच नेते येतील ज्यांना हिशेब द्यायचा नसतो. 'आपला माणूस' या दोन शब्दांच्या आड लपणे त्यांना फार सोपे जाते.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. अंतुले यांना या प्रकरणात गुन्हेगार म्हणून शिक्षा झाली नाही. रामदास नायक यांच्या तक्रारीवरून सुरू झालेला फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो विशेष न्यायाधीशाकडून उच्च न्यायालयाकडे वर्ग केला. १९८८ मध्ये त्याच न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने मान्य केले की, असे करण्यात चूक झाली, कारण त्यामुळे आरोपीचा अपिलाचा एक हक्क हिरावला गेला. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची चूक दुरुस्त केली आणि तीही अंतुले यांच्या अर्जावर. ते पुढे खासदार झाले, १९९५ मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री झाले, २००६ मध्ये अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले. ज्याला 'टिकू दिले नाही' असे आपण म्हणतो, त्याची ही वाटचाल आहे.

म्हणून राजीनामा आणि शिक्षा यांत फरक केला पाहिजे. तुरुंगात पाठवायचे तर भक्कम पुरावा हवा, संशयाचा फायदा आरोपीला मिळायला हवा. तो अंतुले यांचाही हक्क होता, आपलाही आहे. पण पद हा हक्क नाही, ती अमानत आहे. आपल्या व्यवहाराबद्दल रास्त प्रश्न उभा राहिला की, पुरावा सिद्ध होण्याची वाट न पाहता अमानत परत करायची असते. राजीनामा देणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे.

हे सगळे मुख्यमंत्र्यांबद्दल लिहिणे सोपे आहे. आता स्वतःबद्दल सांगतो.

आमच्या जमातीच्या शिक्षण फंडाचा मी तीन वर्षे खजिनदार होतो. कब्रस्तानच्या कुंपणभिंतीचे काम निघाले. जमातीने ते एका ओळखीच्या ठेकेदाराला दिले. त्यानेच फंडाला पंचवीस हजार रुपये देणगी दिली. मी आनंदाने पावती फाडली. त्या पैशांतून दोन मुलींची नर्सिंगची फी भरली. वार्षिक सभेत बी.कॉम. करणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, 'चाचा, कामाचा ठराव कोणत्या तारखेचा आणि देणगीची पावती कोणत्या तारखेची?' मला राग आला. माझ्या तोंडून वाक्य निघाले, 'मी काय माझ्या खिशात घातले का?' लोकांनी त्या मुलाला खाली बसवले.

रात्री घरी येऊन मी दोन्ही वह्या उघडल्या. दोन तारखांमध्ये चार दिवसांचे अंतर होते. दुसऱ्या कोणाकडून दरपत्रक मागवलेलेच नव्हते. भिंत रास्त भावात झाली की महाग पडली, हे आता कोणीच सांगू शकत नाही. मीही नाही. मी पैसे खाल्ले नव्हते, पण जमातीचे पैसे वाचले की गेले, हे कळण्याची वाट मीच बंद केली होती.

पुढच्या बैठकीत मी दोन्ही तारखा वाचून दाखवल्या आणि बाहेरच्या माणसाकडून हिशेब तपासून होईपर्यंत खजिनदारपद सोडले. काही जण म्हणाले, उगाच बभ्रा केला. एक जुने मित्र अजून नीट बोलत नाहीत. त्या मुलाची मी सभेत माफी मागितली, हे मात्र बरे झाले.

तरुण मित्रांनो, सुरुवात मंत्रालयापासून करू नका. आपल्या मशिदीचा, मदरशाचा, शिष्यवृत्ती फंडाचा हिशेब मागा. रमजानमध्ये दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. नोंदणीकृत न्यासांना हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो, वक्फ संस्थांना वक्फ मंडळाकडे. निवडणूक लढवणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता आणि कर्जाचे शपथपत्र द्यावे लागते आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. मते मागायला जो येईल त्याचे हे शपथपत्र वाचा, मग तो आपला असो वा दुसऱ्यांचा. मागच्या वेळचे आणि आताचे शेजारी ठेवून पाहा.

अंतुलेसाहेबांबद्दलचा आदर सोडा, असे मी म्हणत नाही. निराधार योजनेचे अनुदान घेणारी आमच्या शेजारची मावशी त्यांना दुआ देते, आणि ती दुआ खरी आहे. पण पुढच्या ईदला अंगणात तो विषय निघाला, की मी गोष्टीचा उरलेला अर्धा भागही सांगणार आहे. कोणीतरी रागावेल. रागावले तरी ऐकतील.