डंप पाठ करून नेटवर्क चालत नाही

आमच्या मुलांना नेटवर्किंग जमणार नाही, असं आता तोंडावर कोणी म्हणत नाही. त्याऐवजी त्यांच्या हातात डंप ठेवतात. डंप म्हणजे परीक्षेतून चोरून आणलेल्या प्रश्नांची उत्तरांसकट पीडीएफ. क्लासवाले सांगतात, "समझने की जरूरत नहीं, याद कर लो." मुलगा घरी येऊन रट्टा मारतो आणि घरच्यांना वाटतं, पोरगा किती अभ्यास करतोय!

मी उर्दू आणि मराठी शिकवते. कॉम्प्युटर हा माझा विषय नाही. पण दहावी-बारावी करून गेलेली मुलं सीसीएनएचा कागद घेऊन येतात. "टीचर, ह्या प्रश्नाचं इंग्रजी समजावा ना," म्हणतात. त्यांच्याबरोबर बसून मी तो अभ्यासक्रम वाचला आहे. म्हणूनच हे ठामपणे लिहिते की डंप ही गरीब मुलाला केलेली मदत नाही, त्याचा अपमान आहे. तुझ्या डोक्यात हे शिरणार नाही, असं गृहीत धरूनच तो विकला जातो.

सीसीएनए ही सिस्को या अमेरिकी कंपनीची परीक्षा. नेटवर्कच्या पहिल्या नोकरीसाठी आपल्याकडे तिचंच नाव जास्त घेतलं जातं. वेळ १२० मिनिटं. फी ३०० डॉलर, कर वेगळा, म्हणजे २५ हजार रुपयांच्या आसपास किंवा थोडी वरच. प्रमाणपत्र टिकतं ३ वर्षं. मालेगाव-भिवंडीत लूमवर राबणाऱ्या बापासाठी २५ हजार म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. आईच्या भिशीचा नंबर लागतो तेव्हा कुठे ही फी भरली जाते. क्लासचे पैसे त्याहून निराळे. एवढा पैसा ओतून मुलाला मिळतं काय, तर चोरलेल्या प्रश्नांची यादी. ती वापरल्याचं उघड झालं तर निकाल रद्द होऊ शकतो आणि पुढच्या परीक्षांना बंदीही येऊ शकते. हा धोका क्लासवाल्याच्या माथी येत नाही. तो मुलाच्याच नावावर राहतो.

बरं, नोट्स तरी ताज्या असाव्यात! २४ फेब्रुवारी २०२० पासून ही परीक्षा नव्या अभ्यासक्रमावर घेतली जाते. तरी मुलांच्या वह्यांत अजून फ्रेम रिले आणि आरआयपी भरलेलं दिसतं. आजच्या यादीत ते नाही. आज सहा भाग आहेत: नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क ॲक्सेस २० टक्के, आयपी कनेक्टिव्हिटी २५ टक्के, आयपी सर्व्हिसेस १० टक्के, सुरक्षा १५ टक्के आणि ऑटोमेशन १० टक्के. ही यादी कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. पहिल्या तीन भागांतच ६५ टक्के वजन आहे, आणि त्या तिन्हींचा पाया साध्या आकडेमोडीवर उभा आहे.

ही आकडेमोड किती अवघड आहे ते पाहा. १९२.१६८.१०.७७/२६ असा एक पत्ता आहे. हा कोणत्या नेटवर्कमधला? शेवटच्या आकड्याची २५६ घरं म्हणजे एक मोहल्ला समजा. /२६ म्हणजे त्या मोहल्ल्याच्या चार गल्ल्या पाडल्या, प्रत्येकीत ६४ नंबर. गल्ल्या सुरू होतात ०, ६४, १२८ आणि १९२ वर. ७७ हा दुसऱ्या गल्लीत येतो. ६४ हे त्या गल्लीचं स्वतःचं नाव, ते कोणाच्या घराला देता येत नाही. १२७ हा सगळ्या गल्लीला एकदम हाक मारायचा नंबर, तोही देता येत नाही. उरले ६५ ते १२६, एकूण ६२ घरं. झालं सबनेटिंग. आठवीतल्या मुलीला मी हे असंच सांगितलं तर ती दुसरं उदाहरण स्वतः सोडवेल.

बायनरीचंही तेच. इकाई, दहाई, सैंकडा शिकलेल्या मुलाला एवढंच सांगायचं की इथे प्रत्येक घर दहापट न होता दुप्पट होतं: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. उर्दू उजवीकडून लिहितात, पण आकडे डावीकडूनच. आमची मुलं पहिलीपासून एकाच ओळीत दोन दिशांनी वाचतात. त्यांना आठ घरांचा हिशेब जमणार नाही, असं कोणी ठरवलं?

आता इंग्रजीचा बाऊ. परीक्षा इंग्रजीत आहे हे खरं. ती जपानीतही आहे, कारण जपानने आपल्या भाषेत मागितली की बाजाराला द्यावी लागते. आपण हिंदीत, उर्दूत, मराठीत मागतच नाही. पण तोवर थांबायचंही कारण नाही. या परीक्षेचं इंग्रजी साहित्याचं नाही. 'रेफर टू द एक्झिबिट', 'विच टू', 'नॉट', 'बेस्ट' अशा मोजक्या शब्दांवर प्रश्न फिरतो. 'विच टू' म्हटल्यावर दोन उत्तरं द्यायची असतात, हे कळलं नाही तर येणारा प्रश्नही चुकतो. एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परतता येत नाही, म्हणून पहिल्याच वाचनात अर्थ लागायला हवा. हे काम भाषेच्या शिक्षकांचं आहे. विषय मातृभाषेत समजवा आणि प्रश्न इंग्रजीत वाचायला शिकवा. क्लास मात्र नेमकं उलट करतात. विषय इंग्रजीत वाचून दाखवतात आणि प्रश्न पाठ करून घेतात.

काही जण म्हणतील, "मॅडम, कागदाशिवाय बायोडेटा कोणी उघडत नाही. आधी कागद मिळू द्या, समज नंतर येईल." कागदाने दार उघडतं, मान्य. पण दाराच्या आत कोणीतरी विचारतं, "पीसीवरून प्रिंटरला पिंग जात नाही, आधी काय बघशील?" केबल, आयपी पत्ता, मास्क, गेटवे, स्विचचं व्हीलॅन अशी एकेक पायरी उतरत उत्तर द्यावं लागतं. पाठ केलेल्या पीडीएफमध्ये ही पायरी नसते. मुलगा गप्प बसतो. मग ऑफिसात शेरा त्या एकट्यावर मारला जात नाही. "ह्यांची मुलं अशीच" म्हणून तो पुढच्या दहा जणांवर चिकटतो.

ही पायरी सरावाने येते आणि सराव फुकट होऊ शकतो. पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचंच सॉफ्टवेअर, नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की विनामूल्य मिळतं. त्यात खोटे राउटर, खोटे स्विच जोडून खरे कमांड चालवता येतात. हवा फक्त एक साधा कॉम्प्युटर, कारण मोबाईलवर हा सराव नीट होत नाही. आणि कॉम्प्युटर आपल्याकडे आहेत. अनेक शाळांच्या लॅबमध्ये ते प्लास्टिकच्या कव्हराखाली कुलूपबंद पडलेत. किल्ली हेडमास्तरांच्या कपाटात असते आणि धूळ मॉनिटरवर. संध्याकाळी दोन तास ते कुलूप काढायला कोणत्या अनुदानाची गरज आहे? गावात जलशावर, सत्कारावर, फ्लेक्सवर खर्च करणाऱ्या आपल्या संस्थांना चार सेकंडहँड कॉम्प्युटर आणि एक पंखा परवडत नाही, हे मला पटत नाही.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे. क्लासची फी भरण्याआधी तिथल्या सरांना तीन प्रश्न विचारा. आठवड्यात मुलगा किती तास स्वतःच्या हाताने लॅब करेल? आजच्या अभ्यासक्रमाची यादी दाखवता का? आणि वर दिलेला ७७ नंबर कोणत्या गल्लीतला, हे माझ्या मुलाला त्याच्या भाषेत आत्ता, माझ्यासमोर समजावून सांगता का? तिसऱ्या प्रश्नावर त्यांनी डंपची पीडीएफ काढली, तर पैसे खिशात ठेवा आणि मुलाचा हात धरून उठा.