गल्ल्यावर कोण बसणार?

स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीत आलेल्या आपल्या मुलामुलींना गावच्या चवीची आठवण झाली की पावले कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनाकडे वळतात. शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे याची चौकशी न करता आपण ताट पुढे ओढतो. या साध्या कृतीमागे संविधान उभे आहे. अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, हॉटेले आणि उपाहारगृहे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने हॉटेलातली भांडी वापरू न देणे हादेखील गुन्हा ठरवला.

पण हे सारे हक्क गिऱ्हाइकाचे आहेत. गल्ल्यावर आपला माणूस बसला, तर त्याच्या हातचा चहा प्यायला कोणता कायदा कुणाला भाग पाडणार?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्यापुढे होता. ते राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी गंगारामांना नोकरी सोडून स्वतंत्र धंदा करायला सांगितले आणि भांडवलही दिले. भाऊसिंगजी रोडवर गंगारामांचे ‘सत्यसुधारक’ हॉटेल सुरू झाले.

हॉटेल स्वच्छ, चहा चांगला. तरी महाराच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवू लागले आणि सोबतच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजू लागले. कामासाठी अर्ज घेऊन येणाऱ्यांना ते आधी गंगारामांचा चहा घ्यायला लावत, असे कोल्हापूरकर आजही सांगतात. भांडवलाने हॉटेल उघडले, पण ते चालले गिऱ्हाइकांमुळे. महाराजांच्या निधनानंतर त्यांचे स्मारक उभारण्यात याच गंगारामांनी पुढाकार घेतला.

त्याच काळात मुंबईत बाबासाहेबांनी गुंतवणूक सल्ल्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला अर्थतज्ज्ञ सल्ला देत होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच अशिलांनी पाठ फिरवली आणि व्यवसाय बंद पडला. पदवी खरी होती, ज्ञान खरे होते. बाजाराने मात्र जात पाहिली.

घरातल्या पहिल्या पदवीधराला ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. पदवी हाती आली की घर नोकरीकडे डोळे लावून बसते, आणि त्यात गैर काही नाही. राखीव जागांच्या लढ्यातून एक पाऊलही मागे घेण्याचे कारण नाही. पण आपल्यातला कुणी मेस काढतो, केटरिंग करतो, नाश्त्याचा गाडा लावतो, तेव्हा ‘एवढे शिकून हे काय?’ असे म्हणणारे आपलेच असतात. आडनाव कळले की गिऱ्हाईक तुटेल, या भीतीने पाटीवर आडनाव न लावणारेही आपल्यातलेच असतात. त्यांची भीती निराधार नाही. म्हणूनच त्यांना एकटे सोडता येणार नाही.

कोपर्निकस मार्गावरच दूरदर्शन भवन आहे, उत्तर रेल्वेचे मुख्यालय असलेले बडोदा हाऊस आहे. एवढी मोठी कार्यालये चालवायला किती वस्तू आणि सेवा विकत घ्याव्या लागत असतील! केंद्राच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट घातलेले आहे. ते आपल्या खात्यात पाळले जाते का, हे किती जणांनी विचारले? नोकरीतल्या अनुशेषाचा हिशेब आपण चोख मागतो. खरेदीतल्या अनुशेषाचाही मागायला हवा. आपल्यापैकी अनेक जण आता त्याच कार्यालयांत टेबलापलीकडे बसतात. माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा हेही आपल्याला ठाऊक आहे.

गंगारामांच्या पाठीशी एक राजा होता. आज राजा नाही, पण दर महिन्याला पगार घेणारी आपली मोठी पिढी आहे. मित्राच्या मेसचा डबा लावणे, कार्यालयातल्या कार्यक्रमाचे जेवण आपल्या माणसाकडून घ्यावे असा आग्रह धरणे, सवर्ण सहकाऱ्याला सोबत नेऊन त्याच टेबलावर चहा पाजणे, आणि उधारी न ठेवता बिल चुकते करणे, हे आपल्याला आज जमण्यासारखे आहे. शाहू महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर हेच केले होते.