यादीचें दुसरें पान

ज्या घरांत चार बिऱ्हाडें एका छपराखालीं नांदतात, त्या घराला यादीचें महत्त्व सांगावें लागत नाहीं. लग्नाच्या आहेराची यादी, वाणसामानाची यादी, मुंजीच्या आमंत्रणांची यादी. घरची शांतता पुष्कळ अंशीं ह्या याद्यांवर अवलंबून असते. ज्याचें नांव यादींतून गळलें, तो मनुष्य ती गोष्ट दहा वर्षें विसरत नाहीं. गेल्या महिन्यांत आमच्या घरीं अशीच एक यादी अपुरी राहिली. ती कोणा माणसानें लिहिलेली नव्हती, संगणकानें केलेली होती. आणि म्हणूनच ती अपुरी असेल अशी शंका आमच्यापैकीं कोणालाहि आली नाहीं.

आमच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ति काढण्याचें काम दोन वर्षें चाललें आहे. जुनीं पत्रें, सनदा, जन्मटिपणें व वंशावळीचे कागद ज्याच्या त्याच्या घरीं पेट्यांत पडलेले. त्यांचीं छायाचित्रें प्रत्येक शाखेनें आपापल्या गांवाहून पाठवावीं व तीं सर्व कुलमंडळाच्या क्लाउडमध्यें एकत्र ठेवावीं, अशी व्यवस्था केली. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या संगणकावर भाड्यानें घेतलेलें कपाट. किल्ली आपली, भिंत त्यांची, व जाण्याची वाट इंटरनेटची. मंडळाचें हें कपाट म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमधील एक डॉक्युमेंट लायब्ररी आहे.

पुस्तक छापखान्यांत जाण्यापूर्वीं कोणत्या शाखेचे किती कागद आले ह्याची यादी हवी होती. आमचे चिरंजीव म्हणाले, “बाबा, हातानें कशाला मोजतां? मी एपीआयकडून मागवून देतों.” हा शब्द हल्लीं तरुण मंडळींच्या तोंडीं वारंवार असतो, तेव्हां त्याचा अर्थ येथेंच सांगतों. पडद्यावर आपण जीं चित्रें व बटणें पाहतों, तीं माणसांच्या सोयीसाठीं असतात. एका प्रोग्रामला दुसऱ्या प्रोग्रामकडे कांहीं मागावयाचें असेल, तर त्याच्यासाठीं निराळी खिडकी असते. तिलाच एपीआय म्हणतात. खिडकीवर बोलण्याची भाषा ठरलेली असते. कोणत्या कपाटांतील कोणत्या फोल्डरची यादी हवी तो पत्ता द्यावयाचा, ओळख पटविणारें टोकन दाखवावयाचें, व “दे” एवढेंच म्हणावयाचें. उत्तरादाखल नोंदींची यादी येते. प्रत्येक नोंदींत फाइलीचें नांव, तिचा आकार, शेवटचा बदल केव्हां झाला ती तारीख, व तिचा कायमचा ओळख-क्रमांक असतो. मायक्रोसॉफ्टनें आपल्या अनेक सेवांसाठीं अशी एक सामाईक खिडकी २०१५ सालीं उघडली. तिचें नांव ग्राफ.

चिरंजीवांनीं अर्ध्या तासांत यादी आणून दिली. एकंदर फाइली २००. पुण्याच्या आल्या होत्या, नागपूरच्या आल्या होत्या, रत्नागिरीच्या आल्या होत्या. सांगलीची मात्र एकहि नाहीं.

सांगलीस आमच्या काकू असतात. वय ८१. त्यांच्याकडे पणजोबांच्या हातचीं पत्रें आहेत, आणि त्यांवांचून त्या शाखेचा वृत्तान्त चार ओळींत आटोपावा लागला असता. मीं मंडळाच्या वतीनें पत्र लिहिलें. आरंभीं “ती. काकूंस सा. न. वि. वि.” होतें खरें, परंतु पुढील मजकुरांत “वारंवार विनंति करूनहि” व “आपल्या शाखेची उदासीनता” असे शब्द गेले. तिसऱ्या दिवशीं उत्तर आलें. “कागद नातीनें पाठविले आहेत. मूळ कागद देव्हाऱ्याखालच्या पेटींत आहेत. विश्वास नसेल तर येऊन मोजून घ्यावे.” ह्यापलीकडे एक अक्षर नव्हतें. घरीं सर्वांचीच तोंडें उतरलीं. तरीहि माझ्या मनांत होतें कीं, म्हातारपणीं विसर पडतो, यंत्राला पडत नाहीं.

आमच्या थोरल्या बंधूंचें सारें आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलें. त्यांनीं ती यादी हातीं घेतली व चष्म्यावरून चिरंजीवांकडे पाहून विचारलें, “अरे, नेमक्या २०० कशा? माणसें मोजून कागद पाठवितात कीं काय? खातेवहींत पान भरलें कीं तळाशीं ‘पुढील पानावर’ असें लिहितात. तुझ्या यादींत तसें कांहीं लिहिलें आहे का तें बघ.”

“काका, पाहतों,” असें म्हणून चिरंजीवांनीं मूळ उत्तर उघडलें. नोंदींच्या सोबत एक लांबलचक पत्ता आलेला होता. त्याचें नांव नेक्स्टलिंक. पुढील पान येथें मिळेल, एवढाच त्याचा अर्थ. चिरंजीवांच्या प्रोग्रामनें नोंदी तेवढ्या उचलल्या होत्या, व त्या पत्त्याकडे ढुंकूनहि पाहिलें नव्हतें. त्या पत्त्यावर मागणी करतांच आणखी १४६ नोंदी आल्या. त्यांत सांगलीच्या ६१.

यंत्रानें आपल्याला फसविलें नाहीं, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. हजारों लोकांच्या मागण्या एकाच वेळीं पुरवावयाच्या असतात. एखाद्याच्या फोल्डरांत लाखभर फाइली असल्या, तर त्या सर्व एकाच उत्तरांत देण्यास वेळ लागेल, आणि मध्येंच जोडणी तुटली तर सगळें श्रम वायां जातील. म्हणून यादी पानापानांनीं देण्याचा प्रघात आहे. ह्या ग्राफच्या खिडकींत फोल्डरची यादी मागितली, व पानाचा आकार सांगितला नाहीं, तर एका पानावर २०० नोंदी येतात. मागणी यशस्वी झाली हें कळविणारा संकेतांकहि योगायोगानें २०० हाच आहे. चिरंजीवांनीं तो पाहिला व काम झालें असें समजले. उत्तर खरें होतें. तें सगळें होतें असें मात्र कोणीं म्हटलें नव्हतें.

ह्यावर उपाय सोपा आहे. पुढील पानाचा पत्ता येत आहे तोंवर मागत राहावें. तो यावयाचा थांबला म्हणजेच यादी संपली. तो पत्ता जसाच्या तसा वापरावा, आपल्या बुद्धीनें त्यांत फेरफार करूं नये. मधलें एखादें पान कोरें आलें तरी पत्ता सोबत असेल तर पुढें जावें. गूगल ड्राइव्हचीहि रीत अशीच आहे. तेथें कांहीं न सांगितल्यास एका पानावर १०० नोंदी येतात, व पुढील पानासाठीं पत्त्याऐवजीं एक टोकन मिळतें.

यादी अपुरी राहण्याचीं आणखी तीन कारणें त्या रात्रीं आम्हांस कळलीं. पहिलें असें कीं, फोल्डरची यादी मागितली म्हणजे त्याच्या पोटांतील वस्तूच तेवढ्या मिळतात. आंतील फोल्डर हें एकच नांव म्हणून दिसतें, व त्यांत किती वस्तु आहेत तो आंकडा शेजारीं असतो. प्रत्येक आंतला कप्पा निराळा उघडावा लागतो. दुसरें, प्रोग्राम ज्याच्या नांवानें आंत जातो, त्याला जें पाहण्याची मुभा असेल तेवढेंच यादींत येतें. जें झांकलेलें आहे त्याच्या जागीं “येथें कांहीं आहे” अशी पाटी लावलेली नसते. तिसरें, फार घाईनें मागण्या केल्या तर खिडकीवरून ४२९ हा संकेतांक येतो, व बहुधा किती सेकंद थांबावें तेंहि सांगितलेलें असतें. तितकें थांबून पुन्हां मागावें. जो प्रोग्राम ह्यालाच शेवट समजतो, त्याची यादी मध्येंच तुटते.

यादी कधीं कधीं खऱ्याहून लांबहि होते. गूगल ड्राइव्हमध्यें टोपलींत टाकलेल्या फाइली वगळ असें सांगितलें नाहीं, तर त्याहि यादींत येऊन बसतात.

दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें मी व चिरंजीव सांगलीस गेलों. काकूंना नमस्कार करून झाला प्रकार सांगितला. त्यांनीं पेटी उघडून पणजोबांचें एक पत्र दाखविलें. तें दोन्ही अंगांनीं लिहिलेलें होतें, व पहिल्या अंगाच्या तळाशीं बारीक अक्षरांत “मागें पहा” असें होतें. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. काकू म्हणाल्या, “जेवून जा. आणि तें पत्र फाडून टाका, मंडळाच्या दप्तरांत ठेवूं नका.”

तें पत्र मीं फाडलें. आतां चिरंजीवांचा प्रोग्राम यादीच्या आरंभींच चार गोष्टी लिहितो. यादी कोणत्या दिवशीं केली, कोणाच्या नांवानें मागितली, किती पानें आलीं, व शेवटचें पान हातीं आलें कीं नाहीं. चौथ्या प्रश्नाचें उत्तर “होय” असें आल्यावांचून “अमक्याकडून कांहीं आलें नाहीं” असें कोणासहि लिहावयाचें नाहीं, असा ठराव मंडळाच्या गेल्या बैठकींत झाला. तो मांडला थोरल्या बंधूंनीं, व अनुमोदन दिलें मीं.